ॲसिडशेजारी पाण्याचं पिंप

दौंड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांचं एक दिवसाचं शिबिर होतं. विषय नेहमीचा, स्त्रियांवरील हिंसा आणि कायदा. देवळाच्या सभामंडपात चाळीसेक बायका, शाळा सुटल्यावर येऊन बसलेल्या सात-आठ मुली आणि मागे भिंतीला टेकून आजीबाया. ॲसिड हल्ल्याचं कलम समजावून सांगताना मी मध्येच थांबले आणि विचारलं, "समजा आत्ता, इथे, एखादीच्या अंगावर ॲसिड पडलं. पोलीस, कोर्ट नंतर. पहिल्या मिनिटात तुम्ही काय कराल?"

उत्तरं भराभर आली. खोबरेल तेल लावू. टूथपेस्ट लावू. दही थापू. चुना लावू, कारण तो ॲसिडला मारतो. हळद लावून गोधडीत गुंडाळू. "पाणी?" मी विचारलं. तर एक मावशी म्हणाल्या, "आवं ताई, ॲसिडवर पाणी घालायचं नसतंय, भडकतंय ते!" आणि नववीतल्या एका चुणचुणीत मुलीने त्यांना दुजोरा दिला, "हो बाई, आमच्या पुस्तकात आहे. ॲसिडमध्ये पाणी टाकू नये."

मी शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. हे वाक्य मी स्वतः शेकडो मुलींकडून पाठ करून घेतलं आहे. त्या दुपारी प्रथमच जाणवलं, की आपण शिकवलेलं अर्धं वाक्य एखाद्या बाईचा जीव घेऊ शकतं. चाळीस बायका, गावात ॲसिडचे पाच ठिकाणी साठे, आणि ते अंगावर पडलं तर पाणी ओतायचं की नाही हे एकीलाही ठामपणे माहीत नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आपल्या चळवळीत 'ॲसिड' हा शब्द फक्त गुन्ह्याचा शब्द झाला आहे. आपण शिक्षेबद्दल बोलतो, भरपाईबद्दल बोलतो, मोर्चे काढतो. ते केलंच पाहिजे. पण तो पदार्थ मुळात आहे काय, कसा वागतो, आपल्या आसपास कुठे कुठे ठेवलेला असतो, हे आपण कधी बोललोच नाही. ते शास्त्रवाल्यांचं काम, असं समजून सोडून दिलं. मैत्रिणींनो, हे अज्ञान आपल्याला परवडणारं नाही.

आधी ते कुठे आहे ते पाहू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे, दुधाचे आणि आता कारखान्यांचे. दौंडमध्ये कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे, शिरूरमध्ये रांजणगावची. सोलापूर रस्त्याने जाताना नारिंगी पाटीवर १८३० हा आकडा लिहिलेला टँकर दिसला, तर ओळखावं की त्यात सल्फ्युरिक ॲसिड आहे. साऱ्या जगात या ॲसिडचा तोच क्रमांक आहे. पण ॲसिड फक्त कारखान्याच्या कुंपणात असतं असं समजू नका. ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेच असतं, पाण्यात मिसळून साधारण एक तृतीयांशाच्या प्रमाणात. बोअरच्या क्षारट पाण्याने ठिबकच्या नळ्या तुंबल्या की त्या साफ करायला शेतकरी ॲसिड आणतात, कधी हे, कधी दुसरं. सुपर फॉस्फेट खत खडकाच्या भुकटीवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करूनच बनतं. जगात तयार होणाऱ्या या ॲसिडचा सर्वांत मोठा वाटा खतांसाठीच जातो. आणि जिथे बायकांची रोजची ये-जा, त्या दूध डेअरीतही ते आहे.

दुधाची फॅट काढण्याची जुनी पद्धत गर्बर नावाच्या स्विस माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली. आता पुष्कळ संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, तरी यंत्राचा आकडा ताडून पाहायला अजूनही हीच पद्धत वापरतात. काचेच्या लांब मानेच्या नळीत १० मिलिलिटर ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग बूच लावून नळी हलवायची. नळी बघता बघता काळीतपकिरी होते आणि हातात धरवणार नाही इतकी तापते. ॲसिड दुधातलं सगळं प्रथिन विरघळवून टाकतं, स्निग्धांश तेवढा शिल्लक राहतो. तो फिरत्या यंत्रात वर आणून मोजायचा. आपली कातडी, डोळ्याचा पडदा, ओठ ही सगळी प्रथिनांचीच बनलेली आहेत. त्या नळीत दुधाचं जे होतं ते आणि चेहऱ्यावर ॲसिड पडल्यावर जे होतं ते, रसायनाच्या दृष्टीने फार वेगळं नाही.

आता त्याचे गुण. जुन्या मराठी पुस्तकात याला गंधकाम्ल म्हणत, कारण ते गंधकापासून बनतं. शाळेत आपण एच-टू-एस-ओ-फोर म्हणून घोकलं. शुद्ध स्वरूपात ते बिनरंगाचं, तेलासारखं दाट. पाण्याच्या जवळजवळ पावणेदोनपट जड, एका लिटरचं वजन १ किलो ८४० ग्रॅम. म्हणजे पाण्याची म्हणून उचललेली बाटली हाताला फार जड लागली तर तिथेच थांबावं. त्याला वास नसतो. संडास साफ करायचं जे ॲसिड आपण घेतो ते बहुधा हायड्रोक्लोरिक. त्याची वाफ नाकात झोंबते, ठसका लागतो आणि निदान कळतं तरी. सल्फ्युरिक ॲसिड तशी सूचना देत नाही. ते गुपचूप पाण्यासारखं पडून राहतं.

ते उडूनही जात नाही. उकळायला सव्वातीनशे अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. म्हणून कपड्यावर, पट्ट्यात, बांगडीखाली, मंगळसूत्राच्या मण्यांखाली पडलेला थेंब वाऱ्याने वाळत नाही. पातळ ॲसिड असेल तर त्यातलं पाणी उडतं आणि मागे राहिलेलं ॲसिड उलट तीव्र होत जातं. तुमच्यापैकी ज्यांचे नवरे किंवा मुलं बॅटरीच्या दुकानात किंवा कंपनीत काम करतात, त्यांनी हे पाहिलं आहे. सुती शर्ट धुवायला घेतला की आदल्या दिवशी धड असलेल्या कापडाला चाळणीसारखी भोकं पडलेली दिसतात. त्याचा अर्थ तो शर्ट ॲसिड घेऊन घरी आला होता. तो आपण बाकीच्या कपड्यांत, लहान मुलांच्या झबल्यांबरोबर भिजवला.

त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची तहान. पाण्यावर ते तुटून पडतं. हवेतली दमटसुद्धा शोषून घेतं. शाळेत मी एक प्रयोग दाखवत असे. काचेच्या भांड्यात साखर, त्यावर थोडं तीव्र ॲसिड. पांढरी साखर आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी होते. भांड्यातून वाफ निघते आणि कोळशाचा एक फुगलेला खांब वर येतो. साखरेत कोळसा आणि पाण्याचे घटक असतात. ॲसिड पाण्याचे घटक ओढून घेतं, मागे कोळसा उरतो. उसाच्या तालुक्यातल्या मुली तो काळा खांब बघून गप्प होत. एकदा एकीने विचारलं होतं, "बाई, माणसाचं पण असंच होतं?" मी तेव्हा "हो, म्हणून जपून वापरायचं" एवढंच म्हणून पुढच्या धड्याकडे वळले. आज त्याची लाज वाटते. तिने विज्ञानाचा नव्हे, आयुष्याचा प्रश्न विचारला होता, आणि मला अभ्यासक्रम संपवायचा होता.

आता त्या अर्ध्या वाक्याकडे येऊ. ॲसिडमध्ये पाणी टाकू नये, हे खरं आहे. पण कधी? जेव्हा भांडंभर ॲसिड आहे आणि त्यात आपण थोडं पाणी ओततो तेव्हा. दोन्ही मिसळताना प्रचंड उष्णता निघते. पाणी हलकं असल्याने वरच तरंगतं, क्षणात उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर उडतं. म्हणून पातळ करताना नेहमी भरपूर पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडायचं, हलवत राहायचं. ठिबकसाठी ॲसिड कालवताना हाच नियम. पण कातडीवर पडलेल्या ॲसिडचा हिशेब उलटा आहे. तिथे ॲसिड थोडं असतं, त्याचा पातळ थर असतो. त्यावर भरपूर पाणी धो धो ओतलं, तर निघालेली उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते आणि ॲसिडही धुऊन निघतं. ओलं फडकं दाबून धरणं किंवा तांब्याभर पाणी शिंपडणं पुरत नाही. वाहतं पाणी, ताबडतोब आणि पुष्कळ वेळ, निदान वीस मिनिटं. अर्धा तास किंवा अधिक झालं तर उत्तमच. जो वेळ हळद, तेल आणि टूथपेस्ट शोधण्यात जातो, तेवढ्या वेळात ॲसिड आत आत जात राहतं. चुना किंवा सोडाही लावायचा नाही. ॲसिड आणि चुना एकत्र आले की आणखी उष्णता निघते, आणि ती त्या जखमेतच.

यात एक अडचण अशी आहे, की जी कुठल्याच विज्ञानाच्या पुस्तकात छापलेली नाही. कपडे काढायचे. ॲसिडने भिजलेलं प्रत्येक वस्त्र लगेच अंगावेगळं झालं पाहिजे. डोक्यावरून ओढून नव्हे, नाहीतर चेहऱ्याला लागेल, तर कात्रीने कापून. दागिने काढायचे. रस्त्यात, स्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी बाईचे कपडे कोण काढणार? तिला स्वतःलाही ते नको असतं, बघ्यांनाही संकोच वाटतो, आणि त्या संकोचात दहा मिनिटं जातात. लाज नावाची जी गोष्ट आपल्या अंगावर जन्मापासून नेसवली आहे, ती अशा वेळी कातडी जाळत राहते. म्हणून प्रत्येक शिबिरात मी हे करून घेते. चार जणी साड्या, ओढण्या धरून आडोसा करतात, दोघी आत राहतात, एक पाणी ओतते. आधी बायका हसतात, तोंडाला पदर लावतात. तिसऱ्या वेळी हसत नाहीत.

डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून नाकाकडून कानाकडे पाणी सोडायचं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. मदत करणारीने उघड्या हाताने ॲसिड चोळू नये. नंतर स्वच्छ सुती कापड सैल झाकायचं आणि दवाखाना गाठायचा. पोटात गेलं असेल तर तोंड धुवायचं, पण उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी वगैरे पाजलं तर जाताना जळलेला घसा येताना पुन्हा जळतो. सरळ दवाखान्यात न्यायचं.

हे सगळं सांगून झाल्यावर शिरूर तालुक्याच्या एका बैठकीत एक बाई उठून म्हणाली, "वीस मिनिटं पाणी? ताई, आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतोय." सगळ्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा सगळा पट्टा पाण्यासाठी तरसणारा. आम्ही तिथेच हिशेब केला. मिनिटाला दहा लिटर धरलं तरी वीस मिनिटांना दोनशे लिटर. म्हणजे एक पिंप, आपल्या भाषेत एक टिपाड. माझं सारं म्हणणं त्या बाईच्या टिपाडात मावतं. जिथे जिथे ॲसिड ठेवलेलं आहे, तिथे शेजारी स्वच्छ पाण्याचं भरलेलं पिंप असलंच पाहिजे. डेअरीत, बॅटरीच्या दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत, कंपनीत, शेतातल्या ठिबकच्या खोलीत. ॲसिडला जागा आहे, तर पाण्यालाही जागा हवी. तालुक्याहून पुण्याचं मोठं रुग्णालय साठ ते ऐंशी किलोमीटर लांब आहे. बाईचा डोळा वाचणार की जाणार, हे तिथे पोचण्याच्या आधी, या पिंपाजवळ ठरतं.

आता कायद्याबद्दल. २ मे २०१३ रोजी मुंबईत वांद्रे टर्मिनसवर दिल्लीहून आलेल्या गाडीतून प्रीती राठी ही तरुण परिचारिका उतरली. नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती नोकरीवर रुजू होणार होती. वडील सोबत होते. फलाटावर तिच्यावर सल्फ्युरिक ॲसिड फेकलं गेलं. ते तोंडावाटे आत गेलं, फुप्फुसांपर्यंत इजा झाली आणि महिनाभर झुंजून १ जूनला ती गेली. हल्लेखोर शेजारचाच. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप केली. फाशी असावी की नसावी, यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. पण बाटलीतून बाहेर पडलेलं ॲसिड कोणत्याच शिक्षेने बाटलीत परत जात नाही.

त्याच २०१३ साली भारतीय दंड विधानात ३२६-अ आणि ३२६-ब ही कलमं आली. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ ने घेतली आहे. इजा केल्यास किमान दहा वर्षं ते जन्मठेप, फेकण्याचा नुसता प्रयत्न केल्यासही पाच ते सात वर्षं. खाजगी असो की सरकारी, रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत, नाकारले तर तो गुन्हा आहे. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी अगरवालच्या याचिकेवर आदेश दिला. तिच्यावर २००५ मध्ये दिल्लीत, ती पंधरा वर्षांची असताना हल्ला झाला होता. आदेश असा, की विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण लिहावं, ओळखपत्र पाहावं, अठरा वर्षांखालच्याला देऊ नये, आपल्याकडचा साठा प्रांताधिकाऱ्याला कळवावा. न कळवल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. शाळा, महाविद्यालयं, प्रयोगशाळा, रुग्णालयं यांनीही वापराची नोंद ठेवायची आहे. हल्ल्यातून वाचलेलीला किमान तीन लाखांची मदत, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत. महाराष्ट्रात त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मनोधैर्य योजना सुरू झाली.

या आदेशानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघी तालुक्याच्या बाजारात एका दुकानात गेलो आणि ॲसिड मागितलं. दुकानदाराने विचारलं, "एक लिटर की पाच?" नोंदवही नाही, ओळखपत्र नाही. आम्ही नोंदवहीबद्दल विचारलं तर तो प्रामाणिकपणे गोंधळला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला एकट्याला दोष देत नाही. आदेश दिल्लीत निघाला आणि वाटेत कुठेतरी झिरपून गेला. बांगलादेशात २००२ साली ॲसिड नियंत्रणाचा आणि ॲसिडच्या गुन्ह्यांचा असे दोन कायदे झाले. आयात, वाहतूक, विक्री सगळ्याला परवाना लागू झाला, बायकांच्या संघटना मागे लागून राहिल्या आणि पुढच्या वर्षांत तिथले हल्ले कमी होत गेले. कायदा कागदावर असणं आणि त्याच्या मागे लागणारं कुणी असणं, यांतला फरक तिथे दिसतो.

कलम १२४ मधला एक शब्द आपण नीट वाचत नाही. फेकणं जसा गुन्हा आहे, तसं पाजणंही आहे. 'तिने ॲसिड प्यायलं' असं सासरचे सांगतात, पंचनाम्यात तसंच लिहिलं जातं आणि विषय संपतो. प्यायलं की पाजलं, हा प्रश्न विचारायला आपण त्या खाटेपाशी असायला हवं. ती बोलू शकत नसेल, कारण घसा जळलेला असतो. लिहू शकेल, बोटाने खूण करू शकेल. डॉक्टरांना आणि पोलिसांना हे आग्रहाने सांगणारी बाई तिथे हवी.

आणि शेवटी ज्या मावशींमुळे मी हा लेख लिहायला बसले, त्यांच्याबद्दल. शिबिर संपल्यावर त्या थांबल्या आणि उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणलेली, चकचकीत, मध्ये पांढरी. एका संकलन केंद्रावर फॅट काढताना नळीचं बूच उडालं होतं. त्यांनी पदराने पुसलं आणि पुढची नळी घेतली. "धुवायला गेले असते तर रांग कुणी सांभाळली असती?" पदर दोन दिवसांत गळून पडला, हात महिनाभर चिघळला. भरपाई? कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेच्या भरपाईचा पहिला कायदा या देशात १९२३ साली झाला. पण केंद्राच्या कागदावर नाव त्यांच्या नवऱ्याचं. कागदोपत्री त्या तिथे कामाला नव्हत्याच. हल्ल्यात विद्रूप झालेल्या व्यक्तीला २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाच्या यादीत जागा दिली, ती योग्यच. पण ती व्याख्या फेकलेल्या ॲसिडची आहे, उडालेल्या ॲसिडची नाही.

चेहरा जळाला की बातमी होते, हात जळाले की होत नाही. चेहरा हा बाईचा दागिना आणि हात म्हणजे घरचं अवजार, हाच हिशेब त्यामागे आहे. जो मुलगा नकार ऐकून ॲसिड उचलतो, तोही याच हिशेबाने उचलतो. त्याला तिचा जीव नको असतो. तिची 'किंमत' ज्यात आहे असं त्याला शिकवलेलं असतं, ती गोष्ट पुसायची असते. आपणही फक्त चेहऱ्यासाठीच रडलो, तर नकळत त्याच्याच हिशेबाला मान्यता देतो. ॲसिड मात्र भेद करत नाही. त्याला चेहरा आणि हात सारखेच. मग आपण तरी भेद का करावा?

हल्ल्याची बातमी आली की गावात पहिला परिणाम मुलींवर होतो. कॉलेज बंद, एसटीने जाणं बंद, लग्नाची घाई. ॲसिड मोकळं फिरतं आणि मुलगी कोंडली जाते. आपण हे उलटं मागितलं पाहिजे, कुलूप ॲसिडला लावा.

म्हणून प्रत्येक गटाने या तिमाहीत आपल्या गावापुरत्या चार गोष्टी कराव्यात असं सुचवते. एक, गावात ॲसिड कुठे कुठे आहे याची यादी करा. दोन, त्या प्रत्येक ठिकाणी पाण्याचं पिंप, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा आहे का ते पाहा, नसेल तर ग्रामसभेत मागा. तीन, विक्रेत्यांच्या नोंदवह्या आणि कळवलेले साठे यांची माहिती प्रांत कार्यालयात माहिती अधिकाराखाली मागवा. चार, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना भेटा आणि त्या अर्ध्या वाक्याचं उरलेलं अर्धं मुलींना शिकवायला सांगा. ॲसिडमध्ये पाणी टाकू नये, पण ॲसिड पडलेल्या माणसावर पाणी ओतत राहावं.

शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हा त्याचा पाया. बायका तर जन्मभर हातांनीच काम करत आल्या. त्या हातांत काय आहे, ते किती जड आहे, पाण्याशी कसं वागतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या गावच्या डेअरीत आता एक निळं पिंप आलं आहे. मावशींनीच भांडून आणवलं. ते रोज सकाळी भरण्याचं काम अर्थातच बाईकडेच आलं आहे. त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे. तुमच्या गावची यादी झाली की आम्हाला जरूर कळवा.